डाव्या पायावर भार

१२ जानेवारी

भावोजी,

तुमचा पत्ता कुणी दिला ते विचारू नका, देणाऱ्याला मी शब्द दिलाय. फोनच करणार होते, पण फोन तुम्ही माझा आवाज ऐकून ठेवून दिला असता. पत्राचं तसं नसतं. फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी एकदा वाचतो.

कारण साधंच आहे. मागची खोली आवरायला काढलीय. तुमचे खेळायचे बूट तिथेच आहेत, दोन जोड. दोन्ही जोडांतल्या डाव्या बुटाची टाच पार झिजून गेलीय, उजवी मात्र नव्यासारखी. ठेवू की टाकू? मला दुसऱ्याची वस्तू न विचारता टाकवत नाही.

आपली गोल्फची रेंज चालू आहे. जाळ्या बदलल्या, चेंडू धुवायचं यंत्र मात्र तेच. सुरू करताना अजून तसंच खोकतं आणि मग कुणी रागावल्यासारखं पाणी उडवतं. सकाळी शटर मीच उघडते. शिकवायचं काम सध्या आमची डावखुरी बघते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर ती आली. डाव्या हातानं खेळते म्हणून पहिल्या दिवसापासून सगळे डावखुरीच म्हणतात. पोरगी गुणी आहे, तोंडानं जरा फटकळ.

हे बरे आहेत. मध्यंतरी जरा पडले, पायाला लागलं. वय झालं की चालायचंच. जिना नको म्हणून पलंग पुढच्या खोलीत आणलाय, एवढंच. काळजी करू नका. तुम्ही कराल असं नाही, पण लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

बुटांचं कळवा.

वहिनी


३ फेब्रुवारी

भावोजी,

बुटांचं उत्तर आलं नाही, म्हणून ठेवलेत.

मागच्या पत्रात मी थाप मारली. हे नुसते पडले नाहीत. यांना पॅरालिसिसचा झटका आला, डाव्या बाजूला. दवाखान्यातून घरी आणलंय. तुम्हाला लगेच का नाही कळवलं असं विचारू नका. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तेच ठरवत होते. कळवलं आणि तुम्ही आला नाहीत, तर ते मला यांच्यापासून लपवावं लागलं असतं. तेवढं बळ तेव्हा नव्हतं.

रेंजवरच झालं. हे एका साहेबांना शिकवत होते. हातातला क्लब मागे नेऊन दाखवला, आता भार डाव्या पायावर कसा न्यायचा बघा म्हणाले, नेला आणि तसेच कलंडले. डावखुरी म्हणते, पाय होता, पण नव्हता. ते साहेब हात बांधून उभे राहिले थोडा वेळ. त्यांना वाटलं, हेही शिकवण्यातलंच.

आता रोज सकाळी फिजिओथेरपिस्ट येते. वयानं आपल्या पोरीसारखी, पण तिच्यापुढे यांची मात्रा चालत नाही. आपल्याकडे रेंजवर एक चटई आहे, तुम्ही गेल्यानंतर घेतलेली. तिच्यावर उभं राहिलं की पायाखालचा भार समोरच्या पडद्यावर रंगात दिसतो. भार जास्त तिथं लाल, मध्यम तिथं पिवळं, कमी तिथं निळं. स्विंगमध्ये कोणत्या क्षणाला कोणता पाय जमीन दाबतोय ते कळावं म्हणून असते. फिजिओनं ती बघितली आणि म्हणाली, असली चीज आमच्या दवाखान्यातसुद्धा नाही, उद्यापासून यांना हिच्यावरच उभं करते.

केलं. उजवा पाय लालभडक, डाव्याच्या जागी निळसर काहीतरी, सांडलेलं पाणी वाळत आल्यासारखं. पायात ताकद परत आलीय असं डॉक्टर सांगतात. यांचाच त्या पायावर विश्वास उरलेला नाही. फिजिओ आल्यापासून जाईपर्यंत एकच घोकते, "काका, उजवा पाय उचलायचाय ना? मग भार आधी डाव्यावर गेला पाहिजे. भार आधी, पाऊल नंतर." हे हो हो करतात, आणि भार न नेताच उजवा पाय उचलायला जातात. मग मी एका बाजूनं आणि ती दुसऱ्या बाजूनं. आयुष्यभर लोकांना भार कुठून कुठं न्यायचा ते शिकवलं, आणि आता बघा.

बोलणं अडखळतं. शब्द आत असतो, बाहेर यायला त्याची फार मनधरणी करावी लागते. बऱ्याचदा एकच शब्द निघतो आणि तोच दिवसभर चालतो. सध्या तो शब्द आहे 'टाच'. मला वाटलं टाच दुखतेय. तेल लावलं, उशी दिली. फिजिओनं टाच उलटसुलट करून पाहिली, कुठं काही नाही. परवा मी पुन्हा तेलाची वाटी घेऊन गेले, तर चांगल्या हातानं वाटी ढकलली आणि म्हणाले, "नाही. टाच." डोळ्यांत पाणी होतं, रागाचं.

तुम्ही या असं मी म्हणत नाहीये. फक्त कळवलं.

वहिनी


२० फेब्रुवारी

भावोजी,

टाचेचा उलगडा झाला. झाला तेव्हापासून मला धड जेवण जात नाहीये.

डावखुरी शेजारच्या जाळीत शिकवत होती. हे खुर्चीत बसले होते. ती नेहमीसारखी ओरडली, "चला, आता सगळ्यांनी धाकटा करा." हा शब्द मी गेली दोन-अडीच वर्षं काउंटरमागे बसून ऐकतेय. त्यांच्या सरावातला एक प्रकार आहे, त्याला 'धाकटा' म्हणतात. मला वाटायचं, लहान स्विंग असेल म्हणून धाकटा. पण त्या दिवशी हे एकदम खुर्चीच्या हातावर थापटी मारायला लागले. "टाच. टाच. हां."

मी डावखुरीला विचारलं, हा धाकटा म्हणजे नेमकं काय? तिनं करून दाखवलं. क्लब मागे न्यायचा, पुढच्या पायाची टाच उचलू द्यायची, आणि हात वर पोहोचायच्या आधीच ती टाच परत जमिनीवर रोवायची. हात अजून मागे चाललेत आणि पाय पुढे निघालासुद्धा. भार हातांची वाट बघत थांबत नाही. मी म्हटलं, पण नाव असलं का? तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "काकू, खरंच माहीत नाही तुम्हाला? सरांच्या धाकट्या भावाची लकब आहे ही. सरांनीच नाव ठेवलंय."

मग तिनं व्हिडिओ दाखवला. तुम्ही आहात, त्या निळ्या टोपीत, मिसरूड जेमतेम फुटलेलं. अगदी सावकाश चालतो तो व्हिडिओ. डावी टाच उचलते, आणि क्लब अजून आकाशाकडे निघालेला असताना धप्पकन खाली येते. आम्ही त्या वेळी हसायचो, आठवतं? तुम्ही चेंडू मारत नाही, झुरळ मारता, असं मी म्हणायचे.

यांना ती टाच खपायची नाही. "पाय गप्प ठेव" म्हणायचे. पाय गप्प, हातांना बोलू दे. मोठ्या स्पर्धेच्या आधीचे ते महिने मला अजून दिसतात. तुमच्या डाव्या टाचेखाली हे पत्त्याचं पान ठेवायचे. पान हललं की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही दात आवळून करायचात. मी मध्ये पडले नाही. दोन भावांच्या शिकवणीत वहिनीनं कशाला नाक खुपसायचं, असं तेव्हा वाटायचं.

मग ती स्पर्धा. दुसऱ्या दिवशी तुम्ही गवतावर बसलात ते उठलात दुसऱ्यांच्या खांद्यावर. पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, स्पर्धा विसरा. घरी आलात आणि स्वयंपाकघरात उभं राहून म्हणालात, "दादा, तू माझा पाय बांधलास आणि माझी पाठ मोडलीस." हे काही बोलले नाहीत. संध्याकाळी तुमची बॅग भरलेली होती.

तुम्हाला वाटलं असेल, त्यांना पटलं म्हणून गप्प बसले. तसं नव्हतं. रात्री मला म्हणाले, हरला म्हणून माझ्या नावानं खडे फोडतोय. कितीतरी वर्षं त्यावर ठाम होते. तुमचा विषय निघाला की उठून जायचे.

पुढे ती चटई आली. पहिले काही आठवडे यांना दुसरं काही सुचत नव्हतं. येईल त्या चांगल्या खेळाडूला तिच्यावर उभं करायचे. आणि प्रत्येकाचं तेच निघायचं, हात वर पोहोचायच्या आधीच भार पुढच्या पायाकडे निघालेला. ज्यांचे पाय गप्प, त्यांची पाठ तो स्विंग ओढत असते. एका संध्याकाळी आत येऊन हे म्हणाले, "तो बरोबर होता." मी विचारलं, कोण? म्हणाले, कुणी नाही, आणि हात धुवायला गेले. मी पुढे विचारलं नाही. पोळलेल्या माणसाला काय विचारायचं?

त्यानंतरच बहुधा त्या प्रकाराला तुमचं नाव मिळालं. नाव तरी कसलं, नातं. दिवसातून दहादा रेंजवर 'धाकटा धाकटा' चालायचं, आणि घरात तुमचा उल्लेख नाही.

आणखी एक. डावखुरीला स्पर्धांमध्ये उतरायचं होतं. हात असा की बघणारा थांबून बघे. दोन वर्षं यांच्या मागे होती, सर मला तयार करा. यांनी नाही म्हणून सांगितलं. शिकवीन म्हणाले, पण स्पर्धेसाठी तयार करणार नाही. का ते तिला नाही सांगितलं, मला सांगितलं. "एकाची पाठ मोडली, पुरे."

काल मी यांना सरळ विचारलं, तुम्हाला कळलं होतं तर लिहिलं का नाहीत? फार वेळ लागला त्यांना. मी भाजी निवडत बसले. शेवटी म्हणाले, "कोणत्या... तोंडानं."

भावोजी, या. माफी मागणं त्यांना आता जमायचं नाही, तेवढे शब्द जुळत नाहीत. तुम्ही नुसते समोर उभे राहिलात तरी चालेल.

वहिनी


११ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र पोहोचलं. चार ओळींचं, पण पोहोचलं.

"दादाला सांगा, मी माफ केलंय. पुढच्या महिन्यात येतो." मी ते यांना वाचून दाखवलं. त्यांनी बोटानं पुन्हा वाच अशी खूण केली, म्हणून पुन्हा वाचलं. नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी दिवा मालवला नाही, तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटईवर डाव्या पायाखाली पिवळं आलं. पहिल्यांदाच. फिजिओ म्हणते, स्नायू तयार होतेच, एक दिवस होणारच होतं. असेल. तिचं शिक्षण त्यातलं आहे. पण मी तिथं उभी होते, आणि मला विचाराल तर त्यांनी त्या पायावर भार टाकला तो तुमच्या चार ओळींच्या भरवशावर.

मागची खोली तयार आहे. येताना काही आणू नका.

वहिनी


२२ एप्रिल

भावोजी,

सुखरूप पोहोचल्याचं तुम्ही कळवलं नाहीत. कळवायचं तोंड नसेल. आपल्या घराण्यात ही अडचण सगळ्यांनाच आहे असं दिसतं.

तुम्ही होतातच इथं, तरी मी सगळं लिहून काढणार आहे. त्या सकाळी मी खिडकीपाशी उभी होते आणि तुम्हा दोघांची तोंडं एकदम फक्त मलाच दिसत होती.

आधीचे दिवस छान होते, ते मी नाकारत नाही. तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहायचात, हात जवळ पण टेकलेला नाही. "दादा, घाई नको. टाच टेकव. टेकली? आता जा." फिजिओचं ते ऐकत नव्हते, तुमचं ऐकत होते. काउंटरपासून पहिल्या जाळीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं, शाळेतल्या पोरासारखं. मी चेंडूंच्या टोपल्या लावायचं सोंग केलं.

मग तुमच्या जायच्या दिवशीचा तो चहा. यांनी मनाशी काहीतरी जुळवून ठेवलं होतं, मला आदल्या दिवसापासून कळत होतं. ओठ हलायचे, नुसतेच. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझी पाठ... मी."

तुम्ही गप्प बसू शकला असतात. खरं सांगू, अजूनही कधी कधी वाटतं की बसायला हवं होतं. तुम्ही टेबलाकडे बघत म्हणालात, "दादा, पाठ आधीच गेली होती. तू पान ठेवायला लागलास त्याच्या आधी. सामानाच्या गाडीवरून पडलो होतो मी. तुला सांगितलं असतं तर तू खेळू दिलं नसतंस."

हे तुमच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना समजलं नाही. समजलं होतं.

मीच विचारलं, मग इतकी वर्षं? तुम्ही म्हणालात, "हरलो होतो, वहिनी. कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. मग मलाच ते खरं वाटायला लागलं. पुढे वाटेनासं झालं, तेव्हा लाज वाटायला लागली." आणि ते माफीचं पत्र? तर म्हणालात, "तुम्ही बोलावलंत, काय लिहायचं सुचलं नाही."

यांनी कप बाजूला सारला. टेबलाला धरून उठले. कुणाला हाक मारली नाही, कुणाकडे बघितलं नाही. डावा पाय टेकला, भार टाकला, उजवा उचलला, आणि चालत खोलीत जाऊन दार लावून घेतलं. झटका आल्यापासून इतकं सरळ ते कधीच चालले नव्हते. तुमची टॅक्सी आली तरी दार उघडलं नाही.

पुढचा आठवडा कसा गेला तेही ऐका. व्यायाम बंद. फिजिओला दारातूनच परत पाठवलं, तेही मान वळवून. मी जेवण ठेवायचे, ताट अर्धं परत यायचं. मला त्यांचा राग आला नाही. तुमचा आला. नसलेल्या गुन्ह्याची माफी मी त्यांना माझ्या तोंडानं दोनदा वाचून दाखवली होती, भावोजी. त्यांनी ती हात जोडल्यासारखी घेतली होती.

पाय बांधला ही चूक त्यांचीच, ते तेही कधी नाकारणार नाहीत. पण पाठ त्यांची नव्हती. आणि त्या पाठीपायी त्यांनी काय काय सोडलं ते तुम्हाला कुणी तरी सांगायला हवं. डावखुरीला मी सांगितलं, न सांगता राहवेना. ती टोपल्या भरत होती. भरत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला नेलं असतं तर चाललं असतं." बस्स, एवढंच. फटकळ पोरगी, एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी. तिच्या बरोबरीच्या मुली आता जिंकून जिंकून दमल्यात. मी तिला काय सांगणार होते? टोपली उचलायला हात लावला.

परवा सकाळी यांनी मला हाताला धरून रेंजवर न्यायला लावलं. मला वाटलं चटईवर उभं राहायचंय. पण खुर्ची चटईसमोर लावायला सांगितली आणि डावखुरीला बोलावलं. तुझा स्विंग दाखव, अशी खूण केली. ती आधी माझ्याकडे बघायला लागली, मी मान हलवली. तिनं मारला. हे पडद्याकडे बघत म्हणाले, "उशीर." तिनं परत मारला. "उशीर." ती चिडली, मला दिसत होतं, पण चटईवरून उतरली नाही. यांना एक शब्द काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिचे दोन चेंडू मारून व्हायचे. मग तीही थांबायला शिकली. मी काउंटरवर परतले, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. दुपारचं जेवण निवून गेलं तरी दोघं तिथंच. यातून काय निघेल मला माहीत नाही. तिची वर्षं काही परत यायची नाहीत, हे आम्हा तिघांनाही कळतं.

आज मी म्हटलं, भावोजींना पत्र लिहितेय, काही सांगायचंय? मी इथवर लिहून होईपर्यंत हे खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "पाठ दाखव म्हणावं."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, असलं काही मी लिहिणार नाही. एकदा नाही, दोनदा पाठ दाखवून गेला तो या घरातून, आता तिसऱ्यांदा आपण कशाला सांगायचं? तोडायचं असेल तर तुमच्या हातानं तोडा, माझ्या अक्षरात नको.

ते मान हलवत राहिले, नाही नाही. चांगला हात उचलून थांब म्हणाले. शब्द शोधत होते. मी थांबले.

"डॉक्टरला," म्हणाले.

वहिनी